पाऊण टनी पिकअपला जड फिफ्थ-व्हील ट्रेलर जोडणे कितपत सुरक्षित आहे?

कृष्णाकाठ_डॅलस

नमस्कार मंडळी. आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. येत्या उन्हाळ्यात बाबा सांगलीहून तीन महिन्यांसाठी येणार आहेत आणि त्यांना घेऊन कोलोरॅडोला, एस्टेस पार्कच्या बाजूला, स्वतःच्या ट्रेलरमधून जावे असा बेत आहे. माझ्याकडे पाऊण टनी (हे वर्गाचे नाव, गाडीची खरी क्षमता नव्हे) डिझेल पिकअप आहे. चार दारांची, फोर बाय फोर आणि साडेसहा फुटी हौद्याची. गेल्या शनिवारी एका विक्रेत्याकडे ३४ फुटी फिफ्थ-व्हील, म्हणजे पुढचे टोक पिकअपच्या हौद्यातच टेकणारा राहण्याचा ट्रेलर, पाहिला आणि घरातले सगळे त्याच्या प्रेमात पडले. रिकाम्या ट्रेलरचे वजन ११,४०० पौंड आहे आणि भरून जास्तीत जास्त १४,००० पौंड चालते, असे त्याच्या पट्टीवर लिहिले आहे. पिकअपच्या माहितीपत्रकात ओढण्याची क्षमता १७,००० पौंडांच्या वर दिली आहे. विक्रेता म्हणाला, "साहेब, तुमची गाडी हा ट्रेलर ओढताना घामसुद्धा गाळणार नाही."

विक्रेत्याच्या तोंडी घामाची भाषा आली की मला जरा धास्ती वाटते, म्हणून हा धागा काढला आहे. ज्यांनी प्रत्यक्ष असा ट्रेलर ओढला आहे, त्यांनी कृपया अनुभव सांगावेत. एवढ्या वजनाचा ट्रेलर या गाडीने सुरक्षितपणे नेता येईल का?

निरुद्योगी

ओढता येईलच. उतारावर तो तुम्हाला ओढेल, तेव्हाचे काय ते आधी ठरवा.

रानवाटा

आम्ही डेन्व्हरजवळ राहतो आणि नऊ वर्षांपासून फिफ्थ-व्हील ओढतो आहोत, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

तुम्ही माहितीपत्रकातला जो आकडा दिला आहे, तो बाजूला ठेवा. फिफ्थ-व्हीलच्या बाबतीत तो आकडा बहुतेक वेळा सर्वांत शेवटी आड येतो, त्याच्या फार आधी दुसरी मर्यादा संपलेली असते. साधा ट्रेलर गाडीच्या मागे बंपरखालच्या गोळ्याला अडकवतात आणि त्याच्या वजनाचा साधारण दहा ते पंधरा टक्के भार गाडीवर येतो. फिफ्थ-व्हीलची पिन (ट्रेलरच्या पुढच्या टोकाखालचा खुंटा) हौद्यातल्या हिचमध्ये (जोडणीच्या यंत्रणेत), मागच्या ॲक्सलच्या डोक्यावर किंवा किंचित पुढे बसते. तिथे येणारा भार, म्हणजे पिन वेट, साधारण वीस टक्के धरावा. भरलेल्या ट्रेलरमध्ये तो कधी बावीस-तेवीसही निघतो. या रचनेमुळेच फिफ्थ-व्हील रस्त्यावर इतका स्थिर चालतो आणि शेजारून अठरा चाकी गेली तरी शेपटी हलवत नाही. मात्र ही स्थिरता फुकट मिळत नाही, तिची किंमत पिकअपच्या पाठीवर बसते.

ड्रायव्हरचे दार उघडा. दरवाजाच्या चौकटीच्या खांबावर पिवळी-पांढरी पट्टी असेल. प्रवासी आणि सामान मिळून वजन अमुक पौंडांपेक्षा जास्त असू नये, असे त्यावर लिहिलेले असते. तो तुमच्याच गाडीचा आकडा असतो, मॉडेलचा नव्हे. शेजारच्या दुसऱ्या पट्टीवर गाडीचे एकूण कमाल वजन आणि दोन्ही ॲक्सलच्या मर्यादा असतात. ते सगळे आकडे इथे लिहा, मग बोलू.

तात्या_ॲमरिलो

रानवाटा यांचा अनुभव मोठा आहे हे मान्य, पण मी नेहमीप्रमाणे उलटे बोलणार.

माझ्याकडेही पाऊण टनी डिझेल आहे आणि सहा वर्षांपासून मी तिच्याने १४,५०० पौंडांचा फिफ्थ-व्हील ओढतो. दारावरच्या पट्टीप्रमाणे गाडीचे कमाल वजन १०,००० पौंड आहे, तर काट्यावर माझी गाडी ट्रेलरसकट उभी असताना तिच्या दोन ॲक्सलवर मिळून ११,७०० भरते. पण पुढे ऐका. मागच्या ॲक्सलवर ६,९०० येतात आणि त्याची मर्यादा ७,००० आहे. मागच्या दोन टायरांची क्षमता मिळून ७,२८० आहे. म्हणजे ज्या भागांवर भार पडतो, ते सगळे मर्यादेत आहेत.

आता १०,००० हा गोल आकडा कुठून आला ते विचारा. या देशात १०,००१ पौंडांपासून गाडीचा वर्ग बदलतो आणि धंद्यासाठी वापरणाऱ्यांवर जास्तीचे नियम लागू होतात. त्यामुळे कंपन्या पाऊण टनी गाडीचे वजन कागदावर बरोबर १०,००० ला आणून थांबवतात. हा आकडा लोखंडाने ठरवलेला नाही, कारकुनाने ठरवला आहे. आमच्याकडचे पशुपालक याच गाड्यांना गवताच्या गंजी लादलेले गूजनेक (हौद्यात जोडायचे मालवाहू ट्रेलर) जोडून रोज फिरतात.

रानवाटा

तात्या, तुम्ही ॲक्सलनिहाय वजन करून बोलता, याबद्दल तुमचा आदर वाटतो. बहुतेक लोक तेवढेही करत नाहीत. तरीही दोन गोष्टी लिहाव्याशा वाटतात. ॲमरिलोच्या भोवती शंभर मैल जमीन पोळपाटासारखी सपाट आहे. आणि तुमच्या मागच्या ॲक्सलवर आता शंभर पौंडांची जागा उरली आहे. ट्रेलरच्या पुढच्या कप्प्यात जनरेटर ठेवलात तर तीही संपली.

कृष्णाकाठ_डॅलस

सर्वांचे आभार. आत्ताच टॉर्च घेऊन पट्ट्या वाचून आलो. प्रवासी आणि सामान मिळून २,१८० पौंड. गाडीचे कमाल वजन १०,०००. पुढचा ॲक्सल ६,०००, मागचा ६,५००. ट्रेलरच्या माहितीपत्रकात पिन वेट २,१५० दिले आहे. २,१५० हे २,१८० पेक्षा कमी आहे, म्हणजे काठावर पास, असे समजू का?

गणिती_गोगलगाय

काठावर पास व्हायचे असेल, तर ट्रेलर रिकामा न्यावा लागेल आणि गाडी ड्रायव्हरशिवाय चालवावी लागेल.

माहितीपत्रकातले पिन वेट हे कारखान्यातून बाहेर पडलेल्या रिकाम्या ट्रेलरचे असते. त्यात बॅटऱ्या, गॅसच्या टाक्या, पाणी, भांडीकुंडी, अंथरुणे यांपैकी बरेच काही धरलेले नसते. त्यातही बॅटऱ्या, गॅस आणि मोठा सामानाचा कप्पा हे सगळे फिफ्थ-व्हीलमध्ये पुढच्या बाजूला, म्हणजे पिनच्या जवळ असते. पाण्याचा एक गॅलन ८.३४ पौंडांचा असतो. साठ गॅलनची टाकी भरलीत की ५०० पौंड झाले, आणि अजून पोह्यांचा डबाही चढवलेला नाही.

तुमचा ट्रेलर भरल्यावर १३,२०० पौंडांचा होईल असे धरू, हा अंदाज कंजूषपणाचाच आहे. त्याचे वीस टक्के म्हणजे २,६४० पौंड पिनवर. हिच स्वतः १५० पौंडांची. तुम्ही चौघे आणि बाबा मिळून पाच जण ६५० पौंड. हौद्यातली हत्यारांची पेटी, खुर्च्या, बर्फाची पेटी मिळून १०० पौंड. बेरीज ३,५४०. पट्टी सांगते २,१८०. तुम्ही १,३६० पौंडांनी वर आहात. याला काठ म्हणत नाहीत, हा पूर आहे.

सर्वांची खरी वजने विचारून बेरीज करा. आमच्या घरी मी हा प्रश्न थेट विचारण्याची चूक केली होती. तेव्हापासून मी प्रत्येक प्रौढ व्यक्ती १५० पौंडांची धरतो आणि हिचचे वजन वाढवून सांगतो.

पिंपळपार

विषयाला धरूनच विचारतो. मागच्या ॲक्सलवर हवेच्या पिशव्या बसवल्या तर भागत नाही का? बाजारात पाच हजार पौंडांच्या पिशव्या मिळतात.

रानवाटा

पिशव्यांनी गाडीची मागची बाजू वर उचलली जाते, हेडलाइट आभाळाकडे जात नाहीत आणि चालही सुधारते. त्याने दारावरची पट्टी बदलत नाही. ॲक्सल, चाके, ब्रेक आणि चौकट तीच राहते. पाठदुखीवर पट्टा बांधून पोते उचलण्यासारखे आहे ते: माणूस ताठ दिसतो, मणका तोच असतो.

डेट्रॉइटचा_देशपांडे

मी वाहन उद्योगात चाचणी विभागात काम करतो. कोणत्याही एका कंपनीविषयी बोलणार नाही, पण ओढण्याच्या क्षमतेचा आकडा कसा ठरतो ते सांगतो, कारण त्यावरून बराच गोंधळ मिटेल.

पूर्वी प्रत्येक कंपनी स्वतःच्या पद्धतीने हा आकडा काढत असे आणि जाहिरातीत चढाओढ चाले. मग जे-२८०७ नावाचे समान प्रमाण आले आणि हळूहळू सर्व मोठ्या कंपन्यांनी ते स्वीकारले. त्यातली सर्वांत प्रसिद्ध परीक्षा ॲरिझोनात, नेवाडाच्या सीमेवरच्या डेव्हिस धरणापासून सुरू होणाऱ्या ११.४ मैलांच्या चढावर होते. वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून भर उन्हात ट्रेलर वर न्यायचा आणि वेग ताशी ४० मैलांच्या खाली जाऊ द्यायचा नाही. मागे चार चाके असलेल्या डुअलीला ३५ मैलांची सवलत आहे. याशिवाय थांबलेल्या अवस्थेतून वेग घेणे, चढावर सुटणे, ब्रेक, वळणावरची वर्तणूक असेही भाग आहेत. प्रमाण चांगले आहे, पण गाडीत चालक आणि एक प्रवासी, प्रत्येकी १५० पौंडांचे, एवढेच गृहीत धरलेले असतात. मागच्या बाकावरची दोन मुले, आजोबा आणि लोणच्याच्या बरण्या या परीक्षेला बसत नाहीत.

तात्यांच्या मुद्द्याविषयी: १०,००० हा आकडा वर्गाच्या सीमेमुळे निवडला जातो, हे खरे आहे. काही पाऊण टनी आणि एक टनी गाड्यांत बरेच भाग सारखे असतात, हेही खरे. परंतु काही ठिकाणी मागच्या स्प्रिंगा वेगळ्या असतात. एखाद्या मॉडेलमध्ये पाऊण टनीला कॉइल आणि एक टनीला पाटे असा फरक असतो. तुमच्या विशिष्ट गाडीत नेमका कोणता भाग कमी क्षमतेचा आहे, हे बाहेरून पाहून कळत नाही. 'हा आकडा फक्त कागदी आहे' असे म्हणणाऱ्याला कागदाखाली काय आहे ते ठाऊक असावे लागते.

तात्या_ॲमरिलो

देशपांडे साहेब, मान्य. मला ठाऊक आहे असे मी समजत होतो. आता रविवारी गाडीखाली झोपून बघतो.

मीनल_सॅक्रामेंटो

वजनाबरोबर परवान्याकडेही लक्ष द्या, ते बहुतेक जण विसरतात. आमच्या कॅलिफोर्नियात १०,००० पौंडांच्या वरचा आणि १५,००० पर्यंतचा फिफ्थ-व्हील खासगी वापरासाठी ओढायचा, तर साध्या परवान्यावर वेगळी नोंद करून घ्यावी लागते. १५,००० च्या वर गेलात तर बिगर-व्यावसायिक 'ए' वर्गाचा परवाना लागतो. मी ती नोंद घेण्यासाठी लेखी परीक्षा दिली होती. शिवाय ट्रेलर जोडलेल्या गाडीला इथे ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे. टेक्सासच्या सवयीने याल तर पहिल्याच दिवशी पावती फाडून घ्याल.

टेक्सासमध्ये जोडगाडीची एकत्रित क्षमता २६,००० पौंडांच्या वर आणि ट्रेलरची १०,००० च्या वर असेल, तर खासगी वापरालाही 'ए' वर्ग लागतो. तुमची बेरीज १०,००० आणि १४,०००, म्हणजे २४,००० होते, त्यामुळे आज तुम्ही आत आहात. मात्र कोणी 'मग एक टनी डुअली घ्या' असा सल्ला दिला, तर तिची कमाल क्षमता सहज १४,००० असते. मग बेरीज २८,००० होते आणि परवान्याचा प्रश्न दारात उभा राहतो.

बर्फातला_बंड्या

ब्रिटिश कोलंबियातही असेच आहे. ४,६०० किलोंच्या वरचा राहण्याचा ट्रेलर ओढायला परवान्यावर वेगळी नोंद लागते. ती परीक्षा देताना मला ट्रेलर मागे घ्यायला सांगितले आणि मी तो इतक्या सुरेख रीतीने चुकीच्या बाजूला वळवला की परीक्षकाने चहाची सुट्टी घेतली.

बैलपोळा

मी शिरोळ तालुक्यात शेती करतो. अमेरिकेतल्या गाड्यांचे मला फारसे कळत नाही, पण रानवाटा यांनी पिनवरच्या भाराचे जे लिहिले आहे ते वाचून राहवले नाही.

टायरच्या बैलगाडीत ऊस भरतानाही हाच हिशेब असतो. मोळ्या मागे जास्त झाल्या की गाडी उलाळ होते: जू वर उचलले जाते, बैलांच्या गळ्याला पट्टा काचतो आणि गाडी मागे कलंडायला बघते. मोळ्या पुढे जास्त झाल्या की सगळा भार बैलांच्या मानेवर येतो आणि दोन दिवसांत मानेवर सूज दिसते. भरणारा गडी शेवटच्या चार मोळ्या हातात घेऊन उभा राहतो, जू हाताने किंचित उचलून बघतो आणि मग त्या पुढे टाकायच्या की मागे ते ठरवतो. तुमच्याकडे साध्या ट्रेलरचा पुढचा भार दहा टक्क्यांच्या खाली गेला की तो डोलायला लागतो म्हणतात, ती आमची उलाळ गाडीच झाली. आणि तुमची पिकअप म्हणजे मान सुजलेला बैल.

ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडून लोक ऊस नेतात, त्या ट्रॉल्यांना पुष्कळदा ब्रेकच नसतात, हेही इथे कबूल केले पाहिजे. सपाटीला चालते. पुलाच्या उतारावर मात्र मागच्या ट्रॉलीने ट्रॅक्टर आडवा केलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे.

गणिती_गोगलगाय

बैलपोळा, 'उलाळ' हा शब्द आजोबांनंतर आज पहिल्यांदा वाचला. या धाग्याचे सार्थक झाले.

रानवाटा

बैलपोळा यांनी उताराची आठवण काढलीच आहे, तर माझा मूळ मुद्दा तिथेच नेतो, कारण कृष्णाकाठ यांना डोंगरात जायचे आहे.

तुम्ही बहुधा २८७ क्रमांकाच्या महामार्गाने ॲमरिलोला, तिथून डॅलहार्ट, क्लेटन करत रॅटनला याल. तिथपर्यंत चढ हळूहळू येतो, कळतही नाही. रॅटन खिंड ७,८३४ फुटांवर आहे आणि ती ओलांडून ट्रिनिडादकडे उतरताना पहिल्यांदा तुमच्या गाडीची परीक्षा होईल. चढताना टर्बो डिझेल फारशी कुरकुर करत नाही. बिनटर्बोचे इंजिन मात्र उंचीच्या दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के ताकद गमावते. खरी बाब उताराची आहे. गाडी आणि ट्रेलर मिळून वीस हजारांहून जास्त पौंड वजन तुम्हाला खाली ढकलत असते. वर पोहोचण्याआधीच खालचा गिअर आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्याच जोरावर वेग रोखणारा) लावायचा, पायाचा ब्रेक अधूनमधून ठामपणे दाबून सोडायचा, सतत घासत ठेवायचा नाही. आमच्याकडे आय-७० महामार्गावर आयझेनहॉवर बोगद्यातून, ११,१५८ फुटांवरून, सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना सात टक्क्यांचा उतार लागतो आणि बाजूला सुटलेल्या ट्रकांसाठी रेतीचे चढ बांधलेले आहेत. त्या रेतीत चाकांच्या ताज्या खुणा दिसल्या की गाडीतले संभाषण आपोआप थांबते.

ट्रेलरचे ब्रेक आणि पिकअपमधला ब्रेक कंट्रोलर यांची जुळणी प्रत्येक प्रवासाआधी तपासा. रिकाम्या पटांगणात ताशी पंचवीस मैलांवर फक्त हातातला दांडा दाबून ट्रेलरने गाडीला मागे खेचून धरले पाहिजे, पण त्याची चाके जाम होता कामा नयेत. आम्ही पहिल्या वर्षी हे केले नव्हते. ट्रिनिडादच्या उतारावर खाली पोहोचल्यावर पिकअपच्या पुढच्या चाकांतून जो वास येत होता, तो आमच्या मुलीने 'जळलेली पोळी' असा वर्णन केला. ट्रेलरचे ब्रेक जवळजवळ काही करतच नव्हते. संपूर्ण ओझे एकट्या पिकअपने थांबवले होते.

उंटावरचा_शहाणा

मर्यादेच्या वर ओझे नेले आणि अपघात झाला, तर विमा कंपनी पैसे देत नाही असे म्हणतात. हे खरे आहे का?

मीनल_सॅक्रामेंटो

असे सरसकट विधान मी करणार नाही; पॉलिसीतली कलमे वाचल्याशिवाय त्यावर बोलू नये. मात्र चूक तुमची असो वा नसो, समोरच्याच्या वकिलाला दारावरची पट्टी वाचता येते, एवढे मी कायद्याच्या कार्यालयात काम करते म्हणून सांगते.

खटपट्या

वजनाचे पुरे झाले असेल, तर जोडणीबद्दल लिहितो, कारण माझे नुकसान तिथे झाले.

पिन हिचमध्ये गेली, 'खट्ट' आवाज झाला, मी ट्रेलरचे पुढचे पाय वर घेतले आणि निघालो. हिचचा जबडा पिनभोवती पूर्ण मिटलाच नव्हता. पिन जबड्याच्या वर नुसती टेकली होती. चार फूट पुढे गेलो आणि ट्रेलरचा पुढचा भाग हौद्याच्या दोन्ही कडांवर बसला. आवाज अजून कानात आहे. दोन्ही कडा पन्हाळीसारख्या वाकल्या, टेलगेट चुरगळले आणि शेजारच्या जागेतले एक आजोबा खुर्ची ओढून बघायला बसले.

तेव्हापासून मी पाय जमिनीवरच ठेवतो, टॉर्चने जबडा डोळ्यांनी बघतो, ट्रेलरचा ब्रेक हाताने दाबून धरतो आणि पिकअप हलकेच पुढे ओढून पाहतो. मगच पाय वर घेतो. आणि कृष्णाकाठ, तुमचा हौदा साडेसहा फुटी आहे. काटकोनात वळताना ट्रेलरचा पुढचा कोपरा गाडीच्या मागच्या काचेला लागू शकतो. मागे सरकणारी हिच घ्यावी लागेल किंवा ट्रेलरचा पुढचा भाग त्यासाठी कापलेला आहे का ते पाहावे लागेल.

निरुद्योगी

टेलगेट खाली करायला विसरून ट्रेलरखाली गाडी मागे घेतलेल्यांनी हात वर करावेत.

बर्फातला_बंड्या

✋

रानवाटा

दोनदा.

पिंपळपार

एक बालिश प्रश्न. याला पाचवे चाक का म्हणतात? त्या हिचमध्ये चाक कुठेच दिसत नाही.

डेट्रॉइटचा_देशपांडे

घोडागाडीच्या काळातले नाव आहे. चार चाकी बग्गीच्या पुढच्या ॲक्सलवर आडवे, जमिनीला समांतर असे एक चाक बसवलेले असे, ज्याच्यावर ॲक्सल डावीउजवीकडे फिरत असे. उभी चार चाके आणि हे आडवे पाचवे. मालट्रकांच्या जोडणीत तशाच आडव्या तबकडीवर ट्रेलर फिरतो, म्हणून नाव चिकटून राहिले.

तात्या_ॲमरिलो

रविवार झाला. गाडीखाली झोपून बघितले. पिकअपचे काही सांगण्यासारखे नाही, पण तेवढ्यात ट्रेलरच्या टायरांवर नजर गेली आणि इथे लिहावे असे वाटले.

ट्रेलरचे टायर वेगळ्या जातीचे असतात. त्यांच्यापैकी बऱ्याच टायरांना, वेगळे काही छापलेले नसेल तर, ताशी ६५ मैलांची मर्यादा धरलेली असते. आमच्या २८७ वर ७५ ची पाटी आहे आणि मी सहा वर्षे पाटीप्रमाणे चालवत होतो. टायरवर छापलेल्या चार अंकांवरून कोणत्या आठवड्यात आणि वर्षी तो बनला ते कळते. माझे चारही टायर सात वर्षांचे निघाले, म्हणजे ट्रेलरपेक्षाही जुने. नक्षी मात्र नवीकोरी दिसते. गेल्या ऑगस्टमध्ये चिल्ड्रेसजवळ माझा एक टायर फुटला होता. त्याच्या चिंध्यांनी चाकावरचे आच्छादन फाडले आणि गॅसची नळी वाकवली. मी तेव्हा रस्त्यावरच्या खिळ्याला दोष दिला होता.

६५ वरून ७५ वर गेले की थांबवायची ऊर्जा जवळजवळ एक तृतीयांशाने वाढते, असे गोगलगाय यांनी मला खासगी निरोपात हिशेब करून दाखवले. मी आता ६२ ने जातो. मागचे लोक भोंगे वाजवतात, वाजवू देत. वजनाबाबत मात्र माझे मत मी पूर्ण बदललेले नाही. माझ्यासारख्याने ॲक्सलनिहाय वजन करून, सपाटीवर, वर्षातून दोनदा ओढणे ही एक गोष्ट आहे. कृष्णाकाठ यांच्या मागच्या ॲक्सलची मर्यादा माझ्यापेक्षा पाचशेने कमी आहे आणि त्यांना पाच माणसे घेऊन रॅटन ओलांडायचे आहे. मी त्यांना 'न्या' म्हणणार नाही.

कृष्णाकाठ_डॅलस

मंडळी, उत्तराला उशीर झाला, क्षमस्व. दरम्यान बाबा आले. ते सव्वीस वर्षे साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होते, त्यामुळे हा धागा मी त्यांना वाचून दाखवला आणि त्यांचे पहिले वाक्य होते, "आधी रिकामी गाडी काट्यावर घाल. भरलेल्या गाडीबद्दल सगळेच बोलतात."

त्याप्रमाणे शनिवारी महामार्गावरच्या ट्रक थांब्यावर गेलो. तिथला काटा तीन फळ्यांचा आहे: पुढचे ॲक्सल, मागचे ॲक्सल आणि ट्रेलर अशी वजने वेगवेगळी मिळतात. टाकी पूर्ण भरलेली, आम्ही पाचही जण आत, हौद्यात नेहमीची हत्यारांची पेटी. ट्रेलर नाही, हिचही नाही. मी काट्यावर गाडी घेतली तेव्हा मागे दोन अठरा चाक्या रांगेत होत्या आणि बाबा खिडकीतून मान बाहेर काढून पुढचे चाक फळीच्या रेघेवर तर नाही ना, ते बघत होते. पुढे घे, अजून वीतभर, बस. सवय जात नाही.

पावती अशी: पुढचा ॲक्सल ४,८६०, मागचा ३,६४०, एकूण ८,५०० पौंड. गाडीची मर्यादा १०,०००. उरले १,५००. त्यातून हिचचे १५० गेले की पिनसाठी १,३५० उरतात. ते वीस टक्के धरले, तर मला भरलेला फिफ्थ-व्हील जास्तीत जास्त ६,७५० पौंडांचा नेता येईल. मला आवडलेला ट्रेलर रिकामाच ११,४०० चा आहे. बाबांनी पावतीच्या मागे पेन्सिलीने हाच हिशेब माझ्याआधी केला होता आणि शेवटच्या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या.

विक्रेत्याकडे पुन्हा गेलो आणि पट्टीचा फोटो दाखवला. तो म्हणाला, "इतका विचार कोणी करत नाही." मग त्याने मला एक टनी डुअली दाखवली. तिची पेलण्याची क्षमता पाच हजारांच्या वर आहे आणि आमचा प्रश्न तिथे सुटतो, हे खरे. पण ती मागून आठ फूट रुंद आहे, आमच्या गॅरेजच्या दारात मावत नाही, आमच्या वसाहतीत ती रस्त्यावर लावू देत नाहीत आणि मीनल यांनी सांगितलेली परवान्याची परीक्षा वेगळीच. तीन आठवड्यांच्या सहलीसाठी एवढा खटाटोप करायचा नाही असे घरात ठरले.

त्यामुळे फिफ्थ-व्हील रद्द. आता साधा, भरून ७,००० पौंडांपर्यंत जाणारा ट्रेलर बघतो आहोत. पुढचा भार तेरा टक्के धरला तरी ९१० पौंड होतात, भार वाटणारी हिच शंभर पौंडांची, तरीही जवळपास पाचशे पौंड शिल्लक राहतात. बायको म्हणाली की फिफ्थ-व्हीलमधले ते उंचावरचे शयनगृह फार सुंदर होते. ते खरेच सुंदर होते.

बैलपोळा

बाबांना नमस्कार सांगा. कोणत्या कारखान्यात होते ते विचारणार नाही, पण आमचा ऊस त्यांच्या काट्यावरून गेला असेल तर एक-दोन वर्षांचे जुने हिशेब बाकी आहेत.

कृष्णाकाठ_डॅलस

सांगितले. ते हसले आणि म्हणाले, "काटा बरोबर होता, ऊस वाळलेला होता."

रानवाटा

साधा ट्रेलर घेतलात की तो भरून, पाणी घालून, सगळ्यांना बसवून पुन्हा त्याच काट्यावर जा. मग ट्रेलर तिथेच बाजूला सोडून नुसती पिकअप परत काट्यावर घाला. दोन्ही पावत्यांतल्या पिकअपच्या वजनांची वजाबाकी केली की पुढचा भार अंदाजाने नव्हे, नेमका कळेल. पहिली पावती टाकून देऊ नका. चोवीस तासांच्या आत त्याच ठिकाणी दुसरे वजन केले, तर ते पहिल्यापेक्षा बरेच स्वस्तात करून देतात.